काढलेली मेंदी

तुळशीची लग्नं लागली की पनवेलच्या बाजाराचा वास बदलतो. दिवाळीचं उटणं, फटाक्यांची दारू, चकल्यांचं तळण हे सगळं हळूहळू ओसरतं आणि त्याच्या जागी मेंदीचा ओला, हिरवा, थोडासा औषधी वास येऊन बसतो. बांगड्यांच्या दुकानांपुढे कोनांच्या पेट्या उघडतात. फुटपाथवर प्लास्टिकच्या स्टुलांवर मेंदीवाल्या मुली बसतात. एरवी कुणापुढे हात पसरायला लाजणाऱ्या बायका त्यांच्यापुढे खुशाल हात पसरून बसतात. मग फोन वाजला तर तो शेजारणीने कानाला लावायचा, नाक खाजलं तर तेही शेजारणीनेच खाजवायचं. त्या तेवढ्या वेळात कुणालाच काही काम सांगता येत नाही. मला वाटतं, बायकांना मेंदी आवडते त्याचं निम्मं कारण हेच असावं.

काल कॉलेजातून परतताना तो वास पुन्हा आला आणि मी एसटी स्टँडच्या वळणावर उगाच थांबले. रिक्षावाल्याने "कामोठे, कामोठे, एक सीट!" म्हणून हाका मारल्या, तरी पाय निघेना. गेल्या वर्षीचे हे दिवस आठवत होते. ते नीट लिहिता येतील की नाही, माहीत नाही. पण लिहून बघते.

मीही मेंदी काढते. शिकते बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला, विषय मराठी. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे तिथे मी नेमकं काय शिकते हे घरी कुणाला पटेल असं मला अजून सांगता आलेलं नाही. आत्या तर दर खेपेला विचारते, "मराठी तर तुला येतंच हाय ना गो? मग परत कशाला शिकतंस?" मेंदीबद्दल मात्र असं कुणी विचारत नाही. मेंदी सगळ्यांना कळते.

बाबा तळोजाला, रंग बनवणाऱ्या कारखान्यात कामाला आहेत. शिफ्ट संपवून येतात, कोपरापर्यंत साबण लावून हात धुतात, तरी नखांच्या कडांना कधी निळं, कधी तांबडं राहतंच. मेंदीच्या दिवसांत माझी बोटंही तशीच. आम्ही दोघं शेजारी जेवायला बसलो की आई म्हणते, "आपल्या घरात कुणाचाच हात हाताच्या रंगाचा नाय." बाबा हसतात. त्यांच्या हाताचा रंग जात नाही आणि माझ्या हाताचा राहत नाही, एवढाच आमच्यातला फरक. पहिल्या वर्षाला असताना मी वर्गात बोटं ओढणीखाली लपवायचे, कारण मुली लगेच विचारायच्या, "काय गं, ठरलं की काय?" आता लपवत नाही. पण सरांनी प्रश्न विचारला की हात अजूनही सवयीने बाकाखाली जातात.

आमच्या आगरी लग्नांत खरा मान हळदीचा. मेंदी नागपंचमीची, आणि त्याहून जास्त औषधाची. माझी आजी सांगायची, आज कामोठ्यात जिथे सेक्टर झाले, जिथे क्लासेसच्या पाट्या आणि केकची दुकानं आहेत, तिथे सगळी भातशेती होती. लावणीच्या दिवसांत दिवसभर चिखलात उभं राहून बायकांच्या पायांना चिखल्या व्हायच्या. बोटांच्या बेचक्यांतली कातडी फाटायची, आग आग व्हायची. मग संध्याकाळी मेंदीचा पाला पाट्यावर वाटायचा, तो बेचक्यांत भरायचा आणि सगळ्या जणींनी पाय भिंतीला लावून गप्पा मारत पडून राहायचं. "रंग बगायला कुनाला फुरसत होती?" आजी म्हणायची. "आग थांबली का, येवडंच बगाचं." उन्हाळ्यात तळव्यांना मेंदी, डोकं तापलं तर टाळूला मेंदी. आजोबांचे तळवे उन्हाळाभर नवरीसारखे लाल असायचे म्हणे, आणि लग्नाकार्याला जाताना ते आठवणीने मोजे घालायचे.

आता नवऱ्या मोबाइलवर नक्षी दाखवतात. वरात, हत्ती, पालखी, नवऱ्याचा चेहरा, सगळं एका हातावर बसवायचं. एकीने तर मनगटाजवळ आपला कुत्रा काढायला लावला, कारण तोही तिच्याबरोबर सासरी जाणार होता. मी फार मन लावून काढला. साखरपुड्याला नवरदेवाने तिचा हात हातात घेतला, निरखून पाहिलं आणि विचारलं, "हा मी आहे का?" त्यानंतर मी प्राणी काढणं सोडलं.

म्हणूनच गेल्या वर्षी मला कामं मिळवून देणाऱ्या बांगडीवाल्या काकांनी फोन करून एका गिऱ्हाइकाच्या अटी ऐकवल्या तेव्हा मला बरंच वाटलं. "प्राची, दुकानात एक आजी बसल्यात. नातीसाठी हिरवा चुडा घेतला. मेंदीवाली पण पायजे म्हणतात, पण अटी फार. तूच बोल."

"मोर नको," पलीकडून एक स्वच्छ, शाळेतल्या बाईंसारखा आवाज आला. "हत्ती नको. नवऱ्याचं तोंड तर मुळीच नको. ते जन्मभर बघायचंच आहे तिला. आणि हे बोट कोरं ठेवायचं."

"कोणतं, आजी?"

"हे गं, हे!" मग त्यांच्या लक्षात आलं असावं. "अगं बाई, तुला दिसणार कसं! उजव्या हाताचं, अंगठ्याशेजारचं. ते माझं."

त्या रिव्का आजी. जुन्या पनवेलात, बाजाराच्या मागच्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर राहतात. त्या बेने इस्राएल, म्हणजे आपल्या कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून नोकरी केली, निवृत्त झाल्या. त्यांच्या लोकांची पनवेलातली बरीचशी घरं केव्हाच इस्राएलला गेली. त्यांची मुलगीही लग्न होऊन गेली, आणि नात, याएल, तिकडेच जन्मली. याएलचं लग्नही तिकडेच ठरलं होतं. पण डॉक्टरांनी आजींना विमानप्रवासाला सक्त मनाई केली होती. त्यांचं हृदय, त्यांच्याच शब्दांत, "घर ते बाजार चालण्यापुरतं" उरलं होतं. म्हणून लग्नाच्या आठवड्यात, सगळी धावपळ सोडून, याएल दोन रात्रींसाठी पनवेलला आली होती. मेंदी आजीच्या घरी, आजीच्या हातची लागावी म्हणून.

मी पोचले तेव्हा आजींनी मला आधी पाणी दिलं, मग समोर बसवून स्पष्ट सांगितलं. "हे बघ बाळा, त्या लग्नात मी नसणार. खुर्ची नाही, ताट नाही, डोक्यावर ठेवायला हात नाही. हा रंग तेवढा तिच्या हातावरून पोचायला हवा. फिक्का नको राहायला. कळलं?"

मी मान हलवली. दडपण आलं होतं. नवरीला रंग हवा असतो तो फोटोंसाठी. इथे तो कुणाच्या तरी ऐवजी जाणार होता. आणि थंडी पडली होती. थंडीत मेंदी चढायला कुरकुरते.

याएल माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठी असेल. कुरळे केस, जीन्स, आणि हसताना डोळे बारीक होणारी. "मी मराठी येते," तिने सांगितलं. "थोडी. आई बोलते. रागावते तेव्हा."

थोड्याच वेळात मला कळलं, तिचं सगळं मराठी आज्ञार्थी होतं. ऊठ. जेव. चप्पल काढ. दार लाव. हळू बोल. परदेशात वाढलेल्या मुलीला आईने जेवढं मराठी दिलं, ते सगळं तिच्या अंगावर ओरडता ओरडता. आणि ती ते किती प्रेमाने बोलत होती! मी तिच्या तळव्यांना निलगिरीचं तेल चोळलं, कोनाचं टोक कापलं आणि म्हणाले, "आता काढते हं."

तिने दचकून विचारलं, "काय काढते?"

"मेंदी," मी म्हणाले. तिने माझ्याकडे पाहिलं, कोनाकडे पाहिलं, आणि पाहुणी म्हणून गप्प बसली.

दुपारभर मी काढत होते. तळव्यात एक कमळ, त्याभोवती वेल, वेलीला बारीक पानं, मनगटाला जाळी. उजव्या हाताची तर्जनी कोरी. आतून नारळ खवल्याचा वास येत होता, कारण संध्याकाळच्या मलिद्याची तयारी चालली होती. मलिदा म्हणजे त्यांच्याकडचे गोड पोहे. खोबरं, साखर, वेलची घालून केलेले, फळांबरोबर ताटात मांडायचे आणि त्यावर प्रार्थना म्हणायची. समोरच्या घरातल्या नसीमा चाची मधूनमधून डोकावून शेरे मारत होत्या. "पोरी, तुझ्या या वेलीला पानं जास्त नि शेंगा कमी." चाचींचा आणि आजींचा चाळीस-पन्नास वर्षांचा शेजार; चाची त्यांना आपा, म्हणजे थोरली बहीण म्हणतात. एकमेकींच्या घरातलं मीठ कुठे असतं ते दोघींना माहीत.

हात पूर्ण झाले. मी दोन पावलं मागे जाऊन पाहिलं आणि खरं सांगते, त्याहून चांगली मेंदी मी तोवर काढली नव्हती. आता पाय राहिले होते. तेवढ्यात आईचा फोन आला, म्हणून मी गॅलरीत गेले.

"जेवलीस का गो?"

"हो आई, जेवले."

"काय जेवलीस?"

या प्रश्नाचं उत्तर आमच्या आईला थोडक्यात चालत नाही. मी सांगत होते. तिकडे स्वयंपाकघरातून आजींचा आवाज आला, मला उद्देशून. "झाली का गं? पायांची अजून नाही काढलीस? काढ, काढ लवकर! पाहुणे येतील आता!"

मी आईचा निरोप घेऊन आत आले, तर खुर्ची रिकामी. मोरीत नळ चालू. आणि याएल टॉवेलला हात पुसत बाहेर आली, गुणी मुलीसारखी, काम वेळेत केल्याचा आनंद चेहऱ्यावर.

"काढली!" ती म्हणाली.

मी तिचे तळवे पाहिले. कमळ होतं, वेल होती, सगळं जागच्या जागी होतं. पण गाजराचं पाणी सांडून वाळावं, तशा रंगाचं. दुसऱ्या हातावर तर अर्धा तासही मेंदी राहिली नव्हती. दारात चाची खोबऱ्याची वाटी घेऊन उभ्या होत्या. "या अल्लाह," एवढंच त्या म्हणाल्या, आणि वाटी कुठे ठेवावी ते त्यांना सुचेना.

आजी पदराला हात पुसत आल्या. नातीचे हात त्यांनी आपल्या हातांत घेतले, उलटसुलट पाहिले आणि पलंगावर बसल्या. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या त्या फिक्या रेषांवरून अंगठा फिरवत राहिल्या. याएलचं हसू गेलं.

"मी चूक?"

"कुणी सांगितलं तुला धुवायला?"

"तू. तू म्हटलं, काढ. लवकर. पाहुणे येतील."

मग आजींचे खांदे हलू लागले. मला वाटलं, रडतायत. मी चाचींकडे पाहिलं, तर चाचींनी पदर तोंडात धरला होता. आजी हसत होत्या. आवाज न करता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "अगं माझे राणी," त्या म्हणाल्या, "तुझ्या आईने तुला अर्धंच मराठी शिकवलं गं! आणि तू माझं ऐकलंस! माझं कधी तुझ्या आईनेसुद्धा ऐकलं नव्हतं!"

याएलला काहीच कळलं नाही. मग मी तिला खुणांनी सांगितलं. चप्पल काढ, म्हणजे उतरव. चित्र काढ, म्हणजे कागदावर आण. शब्द एकच. ती माझ्याकडे बघत राहिली. "तुम्ही लोक," ती सावकाश म्हणाली, "कसे जगता?"

पण हसून रंग चढणार नव्हता. माझ्याजवळ पायांपुरता एक कोन उरला होता. मी बाजारातून आणखी घेऊन येते म्हणून ओढणी सावरली, तर आजींनी मला खाली बसवलं. "लग्नसराईच्या गर्दीतून तू परत येईस्तोवर पाहुणे जेवून जातील. माझी आहे की."

त्यांची म्हणजे लोखंडी कढईत, चहाच्या पाण्यात रात्री भिजवलेली मेंदी. त्या एका कोऱ्या बोटासाठी भिजवलेली, पण सवयीने मूठभर जास्तच. घट्ट, काळपट, मधे मधे गुठळ्या. ती कोनातून उतरलीच नसती. मी आगपेटीची काडी घेतली आणि त्या फिक्या रेषांवरून गिरवायला लागले. एक पाकळी झाली. दुसरी झाली. तिसरीला गुठळी आली.

चाची बघत होत्या. "अशी बसलीस तर तिकडे नवरदेव म्हातारा होईल," त्या म्हणाल्या, आणि कढईत अंगठा बुडवून त्यांनी याएलच्या तळव्यात थेट एक गोल टेकवला. माझ्या कमळावर.

मी "अहो चाची" म्हणेपर्यंत तो फिरवून फिरवून सुपारीएवढा झाला होता. मला जरा लागलं, खोटं कशाला बोलू. दुपारभराचं काम होतं. पण मग आजींनी बोटांची पेरं माखायला घेतली, आणि मीही काडी टाकली. हाताने मेंदी लावायला लागल्यावर एक गंमत कळली. काढताना मी नवरीच्या हाताकडे बघत असते. लावताना मात्र तो हात धरावा लागतो. तिचा तळवा गार पडला होता. माझ्या बोटांखाली तो हळूहळू कोमट होत गेला.

तेवढ्यात पाहुणे आले. आजींच्या नात्यातल्या तीन-चार बायका, एक वृद्ध गृहस्थ, चाचींच्या सुना. नवरी जीन्समध्ये, हात दोन्ही बाजूंना पसरून खोलीच्या मधोमध उभी, आणि आम्ही तिघी तिला हिरवी साडी गुंडाळतोय, हे दृश्य बघून कुणाला हसू आवरेना. चुडा दुसऱ्या दिवसावर गेला, पाय कोरेच राहिले. काय झालं ते चाचींनी प्रत्येकाला नव्याने सांगितलं, आणि दर वेळी थोडं वाढवून. जो येईल त्याने बोट बुडवून आपली थोडी मेंदी लावली. तळवा, तळव्याची कड, मनगट. वृद्ध गृहस्थांनीसुद्धा करंगळीने एक ठिपका दिला.

"खबरदार," चाचींनी सगळ्यांना दम भरला, "आता या घरात कुणी 'काढ' म्हणायचं नाही!"

त्या संध्याकाळी पहिल्यांदा मला कळलं की त्या शब्दावाचून मराठी माणसाला घडीभरही बोलता येत नाही. "एक फोटो का..." आणि सगळे ओरडायचे, "घ्या, घ्या!" कुणी विषय काढू शकेना, कुणी ताटं काढू शकेना. एक बाई बिचारी दारात उभी राहून म्हणाली, "मी चपला, म्हणजे, पायातून बाजूला ठेवते." याएल खुर्चीत बसून इतकी हसली की तिला पाणी पाजावं लागलं. अर्थात दुसऱ्या कुणीतरी.

मग प्रार्थना झाली. शब्द मला कळले नाहीत. पण प्रार्थना संपल्यावर बायका जी गाणी म्हणायला लागल्या ती मराठी होती, आमच्या हळदीच्या गाण्यांच्या चालीजवळची, आणि मी नकळत टाळ्या वाजवायला लागले. आजींनी नातीची कोरी तर्जनी पुढे घेतली. मुळापासून नखापर्यंत मेंदीने माखली, आणि वर पांढऱ्या मलमलची चिंधी गुंडाळून दोऱ्याने बांधली. ड्रेसिंग केल्यासारखी, घट्ट आणि नेटकी. नर्सचाच हात तो. "सकाळपर्यंत ही अशीच," त्या म्हणाल्या, आणि पुढचा शब्द ओठावर आला तसा गिळला.

दुसऱ्या दिवशी पहिलं लेक्चर बुडवून मी तिथे गेले. राहवेना. चिंधी सोडलेली होती. तळवे आणि बोट, सगळं केशरी होतं. नुसतं केशरी. चाचींनी तव्यावर लवंगा टाकल्या होत्या आणि याएल त्या धुरावर हात शेकत होती. "मी पापड आहे?" तिने मला विचारलं. मी हसले, पण आजी हसल्या नाहीत. मेंदी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी गडद होते, हे त्यांना माझ्याहून जास्त माहीत होतं. पण थंडीत होईलच असं कोण सांगणार? "चढेल तिकडे जाऊन," त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, कुणाकडेच न बघता, "चढायला हवी."

त्या रात्री याएल गेली. आता तो रंग विमानातून जाणार, परक्या हवेत जाणार, आणि आमच्यापैकी कुणाला काही करता येणार नव्हतं.

त्या दिवसांत मी त्या एका शब्दाचा फार विचार केला. आम्ही चित्र काढतो आणि काटाही काढतो. तिकीट काढतो, वरात काढतो, समजूत काढतो, कुरापत काढतो. वाईट दिवस काढतो. मुलांनी नाव काढावं म्हणतो. आणि दूर गेलेल्या माणसाची आठवणसुद्धा काढतो. म्हणजे ती आत कुठेतरी असते, ती बाहेर आणावी लागते. की रांगोळीसारखी, नसते तिथे रेखावी लागते? मला अजून ठरवता आलेलं नाही. यंदा सरांनी वर्गात विचारलं, एकाच क्रियापदाचे उलटे अर्थ होतात याचं उदाहरण कोण देईल? माझा हात बाकाखालून वर आला. मेंदीचा, तांबडा. मी बोलले आणि वर्ग हसला, तेव्हा आधी मला घाम फुटला. मग कळलं, माझ्या सांगण्यालाच हसतायत. सर म्हणाले, "हे लिही." म्हणूनच तर हे लिहितेय.

याएलच्या लग्नाच्या दिवशी आजींनी मला मुद्दाम बोलावून घेतलं, फोन धरायला. चाचींचे हात थरथरतात आणि आजींना नेमकं कुठे दाबायचं ते कळत नाही. तिकडे भर दुपारचं लग्न होतं, आमच्याकडे उन्हं कलली होती. आजींनी मोतिया रंगाची रेशमी साडी नेसली होती, गळ्यात माळ, केसांत अबोलीचा गजरा, आणि घरातल्या घरात पायांत चांगल्या चपला. त्या खुर्चीत ताठ बसल्या होत्या. चाची स्टुलावर. मी मधे उभी, दोन्ही हातांनी फोन धरून.

चित्र थांबत होतं, तुटत होतं. कधी नुसतं छत दिसे, कधी कुणाची पाठ. याएल दिसली ती पांढऱ्या कपड्यांत, पण हातांत फुलांचा गुच्छ. हात त्याच्या आड. "फुलं बाजूला कर म्हणावं तिला," चाची म्हणाल्या. आजींच्या दोन्ही हातांच्या मुठी मांडीवर आवळलेल्या होत्या.

मग तिकडे कुणीतरी गुच्छ घेतला. नवरदेवाने अंगठी पुढे केली आणि याएलने उजवा हात उचलला, तर्जनी सरळ. त्यांच्याकडे अंगठी त्या बोटात घालतात, हे मला तोवर माहीत नव्हतं. आता कळलं, ते बोट आजींनी कोरं का मागून घेतलं होतं. फोन धरणारं तिथलं माणूस जवळ गेलं. बोट पडदाभर मोठं झालं.

ते मुळापासून नखापर्यंत गडद होतं. जुन्या गुळासारखं, जवळजवळ काळं. त्यावर अंगठी सरकली ती अशी चमकली की मला बघवेना.

"चढला, आपा!" चाची ओरडल्या. "चढला ना हो!"

आजी खुर्चीचे हात धरून उठायला लागल्या. त्यांचे गुडघे दुखतात, त्या सहसा आधाराशिवाय उठत नाहीत. चाचींनी त्यांचा दंड धरला. "बसा, बसा आपा, डॉक्टर काय म्हणाले? बसून बघा की."

"काहीतरीच तुझं, नसीमा," आजी म्हणाल्या. त्या पूर्ण उभ्या राहिल्या, निऱ्या सारख्या केल्या आणि डोक्यावर पदर घेतला. "लग्न लागताना कुणी बसून राहतं का?"

मग चाचीही स्टुलावरून उठल्या. पलीकडे नवरदेवाने त्यांच्या रिवाजाप्रमाणे पायाखाली पेला फोडला, टाळ्यांचा गजर झाला. माझे हात फोनमध्ये अडकलेले. पण त्या दोघींनी टाळ्या वाजवल्या, आणि आजींनी इतक्या जोरात, की खालच्या मजल्यावरून कुणीतरी विचारलं, काय झालं?

"लग्न!" आजींनी खिडकीतून सांगितलं. "आमच्याकडे लग्न आहे!"